किबोकोचा चिखल

एका जंगलात, बाळांनो, समुद्रापलीकडून आलेले राजहंस राज्य करायचे. त्यांच्या शाळेत सगळ्या प्राण्यांना बर्फावरच्या कविता पाठ कराव्या लागत. बर्फ कोणीच पाहिला नव्हता. त्यामुळे कविता चुकली तरी कळत नसे.

एके दिवशी राजहंस निघून गेले. करकोचा सभापती झाला. तो वर्षातले सहा महिने परदेशी असायचा, म्हणून आपल्या मातीतलं त्याला फार कळायचं.

"आता प्रत्येकाने आपल्या मातीवर कविता करायची," तो म्हणाला. "ज्याला जमणार नाही, तो या मातीतला नाही. त्याने डोंगरापलीकडे जावं."

किबोको नावाचा पाणघोडा म्हाताऱ्या आईबरोबर चिखलात राहत असे. तो चिखलानं माखलेलाच सभेत आला आणि म्हणाला,

"चिखल गार आहे.
आई शेजारी आहे.
आई, जरा सरक."

"यात ओढ कुठे आहे?" करकोच्याने विचारलं.

"कशाची, साहेब?"

"मातीची."

"ती तर अंगाला लागलीय. ओढ कशी वाटणार?"

सभा खो खो हसली. किबोकोला हाकलून दिलं. "आईला ऊन सोसत नाही हो," असं तो सांगत राहिला, पण ते काही कवितेत बसत नव्हतं.

डोंगरापलीकडे नुसता खडक. किबोकोची कातडी तडकली. त्याला आईची इतकी आठवण आली, की तो गळा काढून रडला. परदेशी निघालेल्या करकोच्याने ते रडणं वरून ऐकलं आणि उडता उडता लिहून घेतलं.

तिकडे राजहंसांनी त्या रडण्याला मोठं पारितोषिक दिलं. "मातीचा खरा कवी हाच," ते म्हणाले. मग जंगलालाही ते पटलं आणि किबोकोला बोलावणं गेलं.

किबोको धावत घरी आला. वेशीवर करकोचा हार घेऊन उभा होता.

"हार राहू दे. मी चिखलात जातो."

"चिखल कुठला आता? तिथे तुमच्या कवितेसाठी दगडी कट्टा बांधलाय."

"आणि आई?"

"पहिल्या रांगेत. मानाची जागा आहे, थोडं ऊन लागतं. तुम्ही मात्र परत जा. इथे राहिलात तर ओढ संपेल. पुढच्या वर्षी कविता कोण करणार?"

किबोकोने आईकडे पाहिलं. ती कोरडी पडली होती. तिनेही त्याला पाहिलं आणि तापलेल्या दगडावर ती जरा सरकली.

दोघांना तिथून हलवायला अकरा हत्ती लागले.

तात्पर्य: मातीवर खरं प्रेम करायचं, तर आधी तिच्यातून हाकललं जावं लागतं. म्हणून बाळांनो, शाळेत कवितेचा तास आला की पोट दुखतंय म्हणून घरी थांबा, आणि आईला म्हणा, जरा सरक.