कोसाडात कुणी पीत नाही

तेजस्विनीनं बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं, तेव्हाच वडिलांनी, मधुकररावांनी बजावलं होतं, "एका जरी विषयात नापास झालीस, तर शिक्षण बंद. स्थळं बघायला लागू." त्यामुळे कुटुंब-सर्वेक्षणाचा प्रकल्प म्हणजे तिच्या दृष्टीनं अगदी गळ्याशी आलेलं प्रकरण होतं.

सरांनी शिकवलं होतं, "आधी स्वतःची माहिती द्या, ओळख वाढवा. मग लोक भडाभडा बोलतात." म्हणून कोसाडच्या वसाहतीत उषाबाईंच्या दारात साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेल्या बायकांना तिनं सगळं सांगून टाकलं. मूळ गाव पारोळ्याकडचं, वडील बँकेत, घर इथंच भेस्तानला, एकुलती एक. मग विचारलं, "काकू, मुलगा काय करतो? पगार किती? लग्न झालंय? घरात कुणाला व्यसन?"

आता सांगा, पोटासाठी गुजरातेत आलेल्या खानदेशी वस्तीत चांगल्या घरची पोर आधी स्वतःचं गाव सांगते आणि मग तुमच्या पोराचा पगार विचारते, म्हणजे काय? बायकांना कळायचं ते कळलं. उषाबाईंनी आधी पदर सारखा केला.

"माय वं, व्यसन? आमच्या शुभमला सुपारीसुद्धा माहीत नाही. हिऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आणि ह्यांचं म्हणशील, तर गुजरातमध्ये दारू मिळते तरी कुठं?"

लग्नाचा मुलगा शेजारच्या पार्वतीकडेही होता, ती कशाला मागे राहील? संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत न पिणारे नवरे, न चिडणाऱ्या सासवा आणि सोन्यासारखे मुलगे निघाले.

सरांनी कागद चाळले. "ही वसाहत आहे की आश्रम? सोमवारी खरी माहिती आणा, नाहीतर नापास."

रविवारी ती रडवेली होऊन पुन्हा कोसाडला निघणार, तोच बेल वाजली. दारात नव्या साडीत उषाबाई, हातात पेढे. मागे कडक इस्त्रीतला शुभम.

"तुमची लेक स्वतः येऊन चौकशी करून गेली," उषाबाई म्हणाल्या. "म्हटलं, आता आपणच जायला हवं."

"कॉलेजच्या नावाखाली स्थळं शोधतेस?" मधुकरराव कडाडले.

"पप्पा, तो सर्व्हे होता हो!"

पण ऐकतंय कोण? तिची आई अरुणाताई पोहे फोडणीला टाकूनसुद्धा आल्या होत्या. "मुलगा निर्व्यसनी आहे म्हणे," त्या नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या. मधुकरराव निवळले आणि शुभमला पगार विचारू लागले. ते बघून तेजस्विनीनं घाईघाईनं कागद काढले. एक प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहून गेला होता.

"काकू, तुमचं देवक कुठलं?"

"पाचपालवी."

"अरे वा, आमचंही तेच!" मधुकरराव उत्साहात बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. एक देवक म्हणजे बहीणभाऊ. विषयच संपला. शुभमनं हुश्श केलं आणि पोह्यांची बशी उचलली.

उषाबाई क्षणभर हिरमुसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "म्हणजे तू घरचीच लेक निघालीस की! लेकीपासून काय लपवायचं? काढ कागद. आधी ह्यांचं ते 'व्यसन नाही' खोड. रोज ढोसतो मेला. हा शुभम सुपरवायझर नाही, साधा कारागीर आहे. आणि पार्वतीची सासू म्हणशील, तर…"

शुभमला ठसका लागला. उषाबाई थांबल्या नाहीत. गल्लीतल्या एकेका घराचं सगळं बाहेर पडलं. तेजस्विनीचा हात लिहून दुखायला लागला, पण चेहरा फुलला. आता पास होणार, शिकणार, स्थळंबिळं टळली.

चप्पल घालताना उषाबाई वळल्या. "अरुणाताई, कडोदऱ्याला माझा भाचा आहे, सख्ख्या भावाचा मुलगा. माझ्या माहेरचं देवक वेगळं आहे बरं का." मग तेजस्विनीकडे बघून त्या हसल्या. "तेवढंही लिहून घे गं पोरी."