दोन बोटांची फट

आकाराम लोहाराने घरी घडवलेली सायकल सांगलीतल्या कुठल्याही विलायती सायकलीला धूळ चारणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. साल सेहेचाळीस. लोखंडी नळ्या पितळेने झाळून त्याने सांगाडा केला, पुढचा दांडा जास्त उभा ठेवला आणि दोन्ही चाकं जवळ आणली. त्यामुळे ती नुसतं मनात आणलं तरी वळे!

"नांगराला कवा वळाय शिकवावं लागलं न्हाई," त्याचे वडील जोतिबा म्हणाले. सांगलीची सायकल शर्यत हरली तर सायकलीचा नाद सोडून जन्मभर फाळ ठोकायचे, असं वचन त्यांनी त्याच्याकडून घेतलं होतं.

तासगावच्या रस्त्याने पाच मैल जायचं, तिथे रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि सांगलीला परतायचं. सायकलीवर बसला होता पलटणीतून रजेवर आलेला शिपाई लालासाहेब. आकाराम पिंपापाशी उभा होता. लालासाहेब सगळ्यांच्या पुढे आला, वळला आणि धाडकन पडला!

"आरं, चाकानं पाय धरला!"

त्याच्या पायात सरकारी बूट होते. आकाराम धावत त्याच्यापाशी गेला. जोतिबांच्या भट्टीपुढे पायताण घालून कुणी येत नसे, त्यामुळे मापं घेतली ती अनवाणी पायाची. अंगठा आणि चाक यांत फट दोनच बोटांची! सरळ रस्त्यावर बुटाचं अडलं नाही, वळताना चाक आडवं आलं.

"काढ बूट!"

"आन् हरवलं तर? पलटणीतला साहेब माजी कातडी सोलंल!"

लालासाहेबाने बूट नाड्यांनी हँडलला बांधले. मनातलं ओळखणाऱ्या सायकलीला बुटांचे झोके कळणारच! दहा पावलांवर ती उसात शिरली. मागचे तिघे पुढे निघून गेले.

"बूट हिकडं दे आन् पळ गड्या!" आकाराम रडवेल्या आवाजात ओरडला.

लालासाहेब अनवाणी सुटला आणि बूट काखोटीला मारून आकाराम पाच मैल चालत सांगलीला पोचला. जोतिबा एकटेच उभे होते.

"उद्यापासनं फाळ ठोकतू, आबा."

"कशापायी? लालासाहेब पयला आला की! सायकलीचा दुकानदार म्हनला, आसल्या सा सायकली पायजेत."

आकारामाने तिथेच वडलांचे पाय धरले. सुख सुख म्हणतात ते हेच!

"फकस्त चाक बुटाला लागाय नगं, म्हनला. तवा मीच शबुद दिला."

"कसला?"

"परत्येक सायकल दोन हात लांब करतू म्हनून. ऊठ आता. उद्या मापं मी घ्येनार!"