काकांची फिल्लम

आमच्या जुना जालन्यातल्या गल्लीत रंगनाथकाका राहतात. त्यांच्या फ्रिजमधी भाजी नसती, खानदान असतं. दूध बाहेर नासतं अन् मायक्रोफिल्मचे, म्हंजी जुन्या नोंदींच्या बारक्या फोटूंच्या रिळांचे, डबे आत गारगार. "उकाड्यानं पणजोबा खराब होतील," म्हणतात.

झालं असं, मधी सगळ्यांनाच जुन्या दप्तरातल्या नोंदी हुडकायची हौस आल्ती. बाकीच्यांनी आपापल्या पूर्वजांच्या नोंदींचे फोटू मोबाइलवर आणले. काकांनी फिल्लमची नक्कल मागितली. अक्षरं खसखशीएवढी. वाचायचं मशीन कुठून आणावं? मंग माझ्या ऑटोच्या हेडलाइटसमोर फिल्लम, पुढं भिंग, अन् अंधाऱ्या गोदामाच्या भिंतीवर पणजोबा. ते उलटे आले म्हणून काका वैतागले. मी शाळेत गेलेलो न्हाई, मला उलटं-सुलटं सारखंच. मी भिंतीला हात जोडून मोकळा.

काकांचा पुतण्या म्हणला, "काका, पीडीएफ करून देतो."

"कागदाला वाळवी लागती. शीडीच्या चकत्या लोकं पाखरं हाकलाया टांगतात. पेनड्राइव्ह तू पँटीसंगं धुतला. फोन हौदात पडला की घराणं बुडालं."

"पण फिल्लममधी एक नाव बघाया पूर्ण रीळ फिरवावं लागतं."

"फिरवू की. मला कुठं जीप पकडायचीय?"

त्या फिल्लमीत नावं आजोबांपर्यंतच. काकांना सोताचा एक कागद फिल्लमवर चढवायचाच होता. ओळखीच्या फोटोवाल्यानं जुना कॅमेरा दिला, शेवटचा उरलेला रोल टाकून. काकांनी सगळा रोल त्या एकाच कागदावर संपवला. एखादा फोटू हलला तर?

कॅमेऱ्यातला रोल धुवायला देऊन यायचा, म्हणून दोघं निघालो. वाटेत काका पान घ्यायला उतरले. मी म्हणलं, फोटू बराबर आले का बघावं, मोबाइलवर बघतो तसं. झाकण उघडलं, रोल ओढला, उन्हात धरला. निस्ता कोरा.

काका आल्यावर वरून मीच तक्रार केली, "काका, फोटोवाल्यानं फसवलं आपल्याला."

काकांनी रोल बघितला अन् मागच्या सीटवर बसले. "धुवायच्या आधी उजेड लागला की रोलवरचं सगळं जातं," म्हणले.

"पुतण्याकडून फोनवर घेऊ का?" मी म्हणलं. "त्या कागदात हाये तरी काय?"

काकांनी कागद उघडून बोट ठेवलं. "हा मी. अन् ही तुझी काकू, सुमन."

काकूला जाऊन लई दिवस झाले.

"अन् खाली एवढी जागा कोरी?"

"खाली कोणी न्हाई, सुदाम." त्यांनी घडी घातली. "फोन चार्ज कराया घरचं माणूस लागतं. फिल्लम कोणीबी उचलून उजेडात धरली, तरी आम्ही दोघं दिसतो."

मी ऑटो फोटोवाल्याकडंच घेतला, अजून रोल कुठं मिळंल ते विचाराया. दुकान आल्यावर काका कॅमेरा पोटाशी धरून उतरले.

"तू आत येऊ नको," म्हणले.