शिवल्याशिवाय

"तुमचा खांदा साडेतेरा हाय," साळवेबाई म्हणाल्या. त्यांचं माझ्याशी हे पहिलं वाक्य.

मी नुकतीच एस.टी.तून उतरले होते. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात नेमणुकीचा कागद. चौसाळ्यापासून आत असलेल्या त्या गावात मास्तरीण म्हणून माझी पहिलीच नोकरी. शाळेत बायका आम्ही दोघीच, म्हणून हेडमास्तरांनी साळवेबाईंच्या शेजारची खोली मला बघून दिली होती. नाव नाही, गाव नाही, बाईंनी आधी खांदा सांगितला, आणि वर म्हणाल्या, "अंगात घातलंय ते चौदाचं हाय. म्हणून दंडावर लोळतंय. कुणी शिवलं?"

"आमच्या शिंप्यानं."

"अंदाजपंचे शिवलं."

बाईंच्या तोंडी याहून मोठी शिवी मी कधी ऐकली नाही.

त्यांना माणसं नावानं कमी आणि मापानं जास्त लक्षात राहत. हेडमास्तर म्हणजे कंबर एकोणचाळीस. सोसायटीचे चेअरमन म्हणजे "छाती बेचाळीस, पण धरत्यात अठ्ठेचाळीस." चेअरमनचा सदरा काखेखाली मुंढ्यात सारखा का उसवतो, याचं उत्तर गावात एवढ्या नेमकेपणानं दुसऱ्या कुणीच दिलं नव्हतं.

बाईंच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. मला वाटलं, शाळेचं वेळापत्रक. जवळ जाऊन पाहिलं तर उभ्या रकान्यात पाच साड्या, आडव्या रकान्यात चार पोलकी, आणि प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. एकही चौकट रिकामी नाही.

"कुठलंबी उचला, कशावरबी घाला, बिघडत न्हाई," बाई म्हणाल्या. "मेळ पायजे. लोकांच्या पेट्या भरलेल्या असत्यात आन् ऐनवेळी घालायला काय सापडत न्हाई. कावून? मेळ न्हाई म्हणून."

हा मेळ सोपा नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत सगळं गाव करंज्या तळत असताना बाई जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून पुढच्या वर्षाचं बेतत असत. साड्या बिनकाठाच्या घ्यायच्या. पोलक्यासाठी घेतलेल्या कापडाचीच पट्टी कापून काठ म्हणून साडीला लावायची. उरलेल्या तुकड्यांचे रुमाल. रुमालातून उरलं तर पिशवी. पिशवीतूनही उरलं त्या वर्षी त्यांनी छत्रीला आमसुली खोळ शिवली, आणि तरीही थोडं उरलं, तेव्हा शाळेच्या हजेरीपटाला आमसुली कव्हर चढलं. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी कव्हराकडे पाहिलं, बाईंच्या काठाकडे पाहिलं, आणि सही केली.

रंगांचंही एक शास्त्र होतं. एकदा मी त्यांच्याबरोबर चौसाळ्याला कापड आणायला गेले. दुकानात बसल्यावर बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि गादीवर उघडून ठेवली. आत माती.

"ही आमच्या रस्त्याची," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "हिच्यात लपंल असा रंग दाखवा."

दुकानदारानं एकदा मातीकडे आणि एकदा पांढऱ्याशुभ्र गादीकडे पाहिलं. "बाई, लोक उठून दिसायला कापड घेतात."

"लोकांकडं धुयाला पाणी असंल."

त्यानं वरच्या फळीवरचे मातकट तागे उतरवले. दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा होता. पाण्याचा टँकर यायचा तेव्हा यायचा. रेशनला लाल ज्वारी, शाळेत पोरांना सुकडी, आणि गावाबाहेर रस्त्याच्या कामावर जवळजवळ सगळं गाव खडी फोडायला. बाईंच्या तक्त्याबाहेर एकच साडी होती, चौदा एप्रिलची पांढरी. ती कशात लपावी अशी त्यांची इच्छा नव्हती.

अशा दिवसांत शहरातल्या कुठल्याशा मंडळींनी दुष्काळग्रस्तांसाठी जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवली. ती सोसायटीच्या गोदामात येऊन पडली. तिथं खताची अडचण नव्हती, कारण पाऊसच नसल्यामुळे खतच नव्हतं. चेअरमननी ठरवलं की ऐतवारी वाटप करायचं. तहसीलदार बोलवायचे, बीडहून फोटोवाला आणायचा. गाठोडी सोडून ढीग लावायचं काम आम्हा दोघींकडे आलं.

पहिल्या गाठोड्यात नुसते टाय निघाले. दुसऱ्यात लोकरीचे स्वेटर, एप्रिलच्या उन्हात. मग कोट, नायलॉनच्या साड्या, खांद्याला बंद असलेले झगे, आणि कुणा अंगापिंडानं थोर माणसाच्या पँटी, ज्यांच्या एका पायात आमचे हेडमास्तर मावले असते. मी हसत सुटले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक फ्रॉक उचलला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि घडी घालून ठेवला.

"हे असं वाटायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी मापं घेऊ. मग उसवू, बेतू, नवं शिवू."

तेवढ्यात चेअरमन डोकावले. त्यांना वाटलं बाई थट्टा करताहेत. "बाई, फुकटच्या कापडाला कसलं माप?"

"फुकटचं हाय म्हणूनच. इकत घेणाऱ्याला न्हाई बसलं तर तो दुकानात परत देतो. ह्या माणसानं कुणाला परत द्यायचं?"

"आवो, पण तहसीलदारसाहेब ऐतवारी येणार हायेत!"

"येऊ द्या की. त्यांचंबी माप घेऊ."

चेअरमननी छाती अठ्ठेचाळीसपर्यंत नेली, मग ती हळूहळू परत बेचाळीसवर आली. गोदामाची किल्ली त्या वेळी बाईंच्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही खडीवर. बाईंच्या गळ्यात टेप, माझ्या हातात वही. पोरांनी आधी धूम ठोकली, कारण टोचणारी नर्स अशीच यायची. मग एक धीट पोर उभं राहिलं, बाईंनी त्याची छाती मोजली आणि "सव्वीस!" असं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा ते सगळ्यांना आपली छाती सव्वीस असल्याचं सांगत सुटलं. मग रांग लागली.

बायकांच्या रांगेत गयाक्का होत्या. वरच्या आळीतलं मोठं घर त्यांचं. दोन विहिरी, सहा बैल. आता विहिरी कोरड्या, बैल छावणीत, आणि गयाक्का सगळ्यांच्या ओळीत हातोडा घेऊन बसलेल्या. बाई टेप घेऊन पुढे झाल्या तशा गयाक्का अर्धं पाऊल मागं सरल्या. पदर घट्ट ओढून म्हणाल्या, "माप तुमी घेणार व्हय?"

आजूबाजूचे हातोडे थांबले. साळवेबाई कुठल्या वस्तीतल्या, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मी वहीत मान घातली.

बाईंचा आवाज चढला नाही. "काय करावं, आक्का," त्या म्हणाल्या, "शिवल्याशिवाय शिवता येत न्हाई."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. मग गयाक्काच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "घ्या बाई, घ्या," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.

"लिवा. छाती तीस," बाईंनी मला सांगितलं. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पोलकं चौतिसाचं हाय. मागल्या साली शिवलं आसंल."

तीन आठवडे आम्ही उसवत होतो. संध्याकाळी खडीवरच्या बायका शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसत. कुणी दोरे ओढी, कुणी काजं करी, बाई हातमशीनवर. थोर माणसाच्या एका पँटीत तीन पोरांच्या चड्ड्या निघाल्या. कोटांच्या पिशव्या झाल्या, टाय परकरांच्या नाड्या म्हणून गेले, आणि त्या साऱ्या गावात इतक्या तलम नाड्या पुन्हा कुणाला मिळाल्या नसतील. बाईंनी भिंतीवर दुसरा तक्ता लावला होता. एका घरातल्या भावंडांचे रंगही एकमेकांशी जुळले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट.

वाटप झालं तेव्हा तहसीलदार आले नाहीत. फोटोवाला मात्र आला. त्यानं सगळ्यांना नवे कपडे घालून ओळीत उभं केलं, काळ्या फडक्यात डोकं घातलं, आणि बाहेर काढून चेअरमनना म्हणाला, "साहेब, ह्यात दुष्काळ दिसत न्हाई."

चेअरमन आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी बाई त्यांच्या उंबऱ्यात चहा घेत बसल्या होत्या. मी शेजारी. शिवण संपल्यामुळे हात रिकामे, म्हणून असेल, त्या बोलायला लागल्या. त्यांची आई एका मोठ्या वाड्यावर अंगण झाडायला जायची. दिवाळीला तिथून उतरलेले कपडे मिळायचे. दुसरीत असताना बाई तसलाच एक झगा घालून शाळेत गेल्या. त्याच वर्गात त्या वाड्यावरची मुलगी होती. ती उभी राहून म्हणाली, "गुरुजी, हिनं माझा झगा घातलाय."

"खोटं काय बोलली न्हाई ती," साळवेबाई म्हणाल्या. "तिचाच होता."

घाटनांदूरला आमच्या घरातूनही दर दिवाळीला असं गाठोडं जायचं. आई ते बांधायची आणि आम्ही बहिणी त्यात नको झालेले झगे टाकायचो. ते पुढं कुठल्या शाळेत जातात, हे कधी मनातही आलं नव्हतं. मी ते बाईंना सांगितलं. कसं कोण जाणे, पण सांगितलं.

बाईंनी कप खाली ठेवला, त्या आत गेल्या आणि टेप घेऊन आल्या.

"देशमुखबाई, एक काम करता का?" त्या म्हणाल्या. "खांदा, दंड, कंबर, सगळं आपलं आपल्याला घेता येतं. पाठ तेवढी येत न्हाई. इतकी वर्षं मी नुसत्या अदमासानं शिवते."

त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी टेप लावला. पाठ एवढीशी होती, आणि माझी बोटं लागली तशी ती ताठ झाली.

"तेरा," मी म्हणाले.

"परत एकदा घ्या. नीट."

मी परत घेतलं. तेराच.

बाई हलल्या नाहीत. वळल्याही नाहीत. रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आजून एकदा."

मी तिसऱ्यांदा घेतलं. सावकाश.