पूर्ण मापाची माणसं

आमच्या शेजारचे प्रभाकरभाऊ मेलेल्या माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी उंची विचारतात.

"उंची सांगा. चेहरा काय, फोटोत भेटतेच."

बुलढाण्यात कोर्टाजवळ त्यांचं फ्लेक्स-पत्रिकांचं दुकान आहे. पण खरा जीव शोकसभेच्या चित्रांत. गेलेल्या माणसाचं उभं रेखाचित्र ते कॉम्प्युटरवर काढतात आणि सभेत प्रोजेक्टरनं दाखवतात, माणूस जेवढा होता तेवढंच. बोटभरही कमी नाही. रस्त्यात भेटले तरी त्यांची नजर आधी आपल्या पायांवर जाते आणि हळूहळू टाळूपर्यंत चढते. "सर, तुमी साडेपाचच्या आतच भरान," असं मला एकदा भर बाजारात म्हणाले. ताप आलेला माणूस त्यांच्या दुकानासमोरून जात नाही.

आमच्या शाळेतल्या वानखडे बाई गेल्या, तेव्हा चित्र अर्थात भाऊंचंच. बाई चांगल्या उंच. दुपारी हॉल भरला, बाईंचे यजमान पहिल्या रांगेत बसले. मी लॅपटॉपवर स्लाइड उघडली. चेहरा बाईंचा, चष्मा बाईंचा, पिकलेले केसही बाईंचेच. पण पडद्यावर लहान पोरीएवढं कोणीतरी उभं होतं.

"बाई लहान काऊन झाल्या?" भाऊ पडद्याकडे धावले. त्यांनी पडद्याला मापाची टेप लावली. मूळ चित्र उघडून पाहिलं. तिथे माप बरोबर. पुन्हा स्लाइडवर आणलं. पुन्हा बाई तेवढ्याशाच.

"हे मशीन माणसं खाऊन राह्यलं, सर."

"चालते न भाऊ," मुख्याध्यापक कुजबुजले, "दिसून तर राह्यल्या."

"नाही चालत. कोणाले असं लहान करून रवाना करतात का?"

यजमानांनी मान खाली घातली. भाऊ डोळे मिटून पुटपुटत होते, "चार आणे कमी... बराबर चार आणे..." आणि एकदम त्यांनी डोळे उघडले. चित्र काढायचं नवं सॉफ्टवेअर एका इंचात बहात्तर ठिपके धरतं, स्लाइडचं शहाण्णव. ठिपके तेच, पण तिकडे गेले की दाटीवाटीनं बसतात आणि चित्र पाऊणच उरतं. भाऊंनी लांबी-रुंदीचं प्रमाण पक्कं केलं आणि उंचीच्या चौकटीत आकडा स्वतः टाइप केला.

बाई वाढल्या. एका क्षणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मागच्या रांगांतले त्यांचे जुने विद्यार्थी ताडकन उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. यजमान उठले, पडद्याशी गेले आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांना खाली बसा म्हणायची हिंमत कोणाची झाली नाही.

पुढच्या रविवारी भाऊ आमच्या दारात आले. "सर, वहिनीले घेऊन येता का जरा घरी?"

त्यांच्या पत्नी मंदावहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या बायकोची आणि त्यांची घट्ट मैत्री. गेलो तर भर दुपारी खिडक्या बंद, प्रोजेक्टरची घरघर, आणि भिंतीवर रेषारेषांच्या मंदावहिनी. खुज्या. बायकोनं माझा हात धरला.

"साऱ्या गावाची उंची विचारली, वहिनी," भाऊ म्हणाले. "हिचीच नाही घेतली. मले वाटलं, घरचीच आहे, कुठी जाते. तुमी दोघी संगंच बाजारात जात होत्या. कुठवर यायची ती तुमच्या?"

बायको जरा थांबली, मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भाऊ चित्र वाढवू लागले.

"अजून," ती म्हणाली. "अजून थोडी. माह्या कानाच्या वर यायची."

मग तिनं मान वळवून शेजारच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बस, भाऊ. हेच."

भाऊंनी माऊसवरचा हात उचलला. निघताना बायको उंबऱ्यात वळली आणि सवयीनं बोलून गेली, "येतो वं मंदा."

मी चपापून भाऊंकडे पाहिलं. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला नव्हता.

"येत जा, वहिनी," ते म्हणाले. "मी दुकानात असतो. दुपारभर ती एकटीच असते."