दुपारच्या सत्रातील परखड अभिप्राय

कट्टा गावच्या जानकीबाई सामंत यांना एका मताची गरज होती. मत प्रतिकूल असले तरी चालणार होते. किंबहुना प्रतिकूल मतावर अधिक विश्वास ठेवता येतो, असा आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून त्यांचा अनुभव होता.

निवृत्तीनंतर त्यांनी पहिलीवहिली कथा लिहिली होती. कथेतली बाई भांडून घराबाहेर पडते आणि एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहते. कथेला दोन शेवट होते. एकात ती गाडीत बसते, दुसऱ्यात घरी परतते. दोन्ही खरे असणे शक्य नव्हते आणि त्यातला खोटा कोणता, हे लिहिणारीला दिसत नव्हते.

घरी प्रयत्न करून झाला होता. यजमान सदानंदरावांनी कागद हातात घेऊन लगेच खाली ठेवले.

"खंयचो शेवट बरो वाटलो?"

"दोनय बरे."

"तुमी वाचल्यात तरी?"

"वाचूक कित्याक होयो? तू लिवलंस म्हणजे बराच आसतला. वायच चाय टाक."

म्हणून जानकीबाईंनी 'सागरतीर साहित्य सहवास मंडळा'च्या एकदिवसीय लेखन-सहवासात नाव नोंदवले. पत्रकात दुपारच्या जेवणानंतर 'परखड अभिप्राय' असे सत्र छापले होते. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कथा त्याच संध्याकाळी द्यायच्या होत्या. म्हणजे बाईने गाडीत बसायचे की नाही, याचा निकाल त्या दिवशी लागणे भाग होते.

सहवास मालवणजवळच्या एका माडांच्या बागेत होता. समुद्र मंचामागे होता आणि तो झाकेल असा मंडळाचा फ्लेक्स लावलेला होता. फ्लेक्सवर समुद्राचे छायाचित्र होते.

आरंभ गाऱ्हाण्याने, म्हणजे देवापुढच्या सामूहिक मागण्याने झाला. गावातले वयस्कर मानकरी भिकाजी नारळ समोर ठेवून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे लेखक एका आवाजात म्हणाले. लहानपणापासूनची सवय होती.

"आज ही लिवणारी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत. तेंच्या हाताक यश दी. काय चुकला-माकला आसात ता पदरात घी. आणि कोण वाकड्या नजरेन बघीत आसात, तर तेचो बंदोबस्त कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पहिल्या कवीने समुद्रावर कविता वाचली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ भाबडेपणाने म्हणाले, "दुसरं कडवं जरा लांबलंय का?"

कार्यवाह विराज ताबडतोब माईकपाशी आले. मुंबईतली नोकरी सोडून त्यांनी किनाऱ्यावर होमस्टे काढला होता. पाहुण्यांची तक्रार तोंडातून निघण्यापूर्वी मिटवण्याचा त्यांना सराव होता.

"सर, सकाळी एकमताने काय संमत झालं ते आठवा. वाकड्या नजरेचा बंदोबस्त. आपणही 'होय' म्हणालात."

"ते गाऱ्हाणं होतं हो."

"ठराव आणि गाऱ्हाणं यांत फरक काय? दोन्हींत विरोधाची नोंद नसते."

गृहस्थांनी कडव्याबद्दलचे विधान मागे घेतले. कडवे खरे म्हणजे आखूडच आहे, असेही ते म्हणाले.

मग विराजनी धोरण स्पष्ट केले. गेल्या वर्षी परखड अभिप्रायाचे सत्र खरोखरच परखड झाले होते. त्याची परिणती म्हणून बांद्यात दुसरे मंडळ निघाले आणि आरोंद्यात तिसरे. सत्राचे नाव मात्र बदलता आले नाही, कारण फ्लेक्स गेल्या वर्षीचाच होता. यंदापासून अभिप्राय परखड राहील, फक्त तो अनुकूल असेल.

सोलकढी, भात आणि सुरमईनंतर एकेक अभिप्राय वेगळा देण्याचे त्राण कोणात उरले नाही. भिकाजी दिवसभरासाठी आलेलेच होते. तेव्हा अभिप्रायाचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले.

"बा देवा म्हाराजा, ह्या झिलान गझल लिवली. ती काळजाक लागली रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

काम झपाट्याने होऊ लागले. इतके, की एका कवयित्रीने तर्कशुद्ध शंका काढली: अभिप्राय ठरलेलाच आहे, तर आधी वाचन कशाला? शंका ग्राह्य धरण्यात आली. त्यानंतर फक्त शीर्षके वाचली गेली. पुढे पुढे लेखक उभा राहिला की पुरत असे.

जानकीबाई उभ्या राहिल्या. "मला होकार नकोय," त्या म्हणाल्या. "दोनांतला एक शेवट निवडून हवा आहे. ऐकून घ्या." आणि त्यांनी बाई गाडीत बसते तो शेवट वाचला.

"होय म्हाराजा!"

त्यांनी बाई घरी परतते तो शेवट वाचला.

"होय म्हाराजा!"

जानकीबाईंनी कथेचे कागद मिटून ठेवले. प्रयोगात दोन्ही नमुन्यांना सारखाच रंग आला, तर ज्यात काहीच नाही असा तिसरा नमुना तपासायचा असतो. त्यांच्या पिशवीत घरच्या सुपारीच्या बागेसाठी आणलेले, बोर्डो मिश्रण या बुरशीवरच्या फवारणीचे माहितीपत्रक होते. त्यांनी ते त्याच आवाजात वाचले.

"मोरचूद एका भांड्यात विरघळवावे. चुना दुसऱ्या भांड्यात कालवावा. दोन्ही द्रावणे हळूहळू एकत्र करावीत. लोखंडी सुरी बुडवून पाहावी. सुरी तांबूस दिसल्यास चुना कमी आहे असे समजावे."

 माडांखाली होकार उठला, तो दिवसातला सर्वांत मोठा होता. कडवेवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ती सुरी!" विराज गहिवरून म्हणाले. "तांबूस! एका शब्दात अख्खा संसार!"

जानकीबाई खाली बसल्या. शेजारी भिकाजी तांब्यातले पाणी पीत होते. जानकीबाईंनी त्यांना हळूच विचारले, "तुमका तरी काय वाटला? ती बाई गाडयेत बसतली?"

"बाय, तुमी माका विचारतास?" भिकाजी हसले. "आमी मागणारे. गाराण्यात 'नाय' म्हणूची सोय नाय. 'नाय' म्हणूक देव आसा."

सत्र संपल्यावर अध्यक्ष शर्मिलाताईंनी जानकीबाईंना विहिरीपाशी गाठले. दिवाळी अंकाच्या संपादकही त्याच होत्या. त्यांच्या हातात स्वतःची कथा होती.

"तुम्ही सायन्सच्या. तुम्हाला उगाच गोड बोलता येत नाही, हे मघाशी दिसलं. एवढी वाचा आणि मला खरं सांगा. इथं कोणी सांगत नाही हो."

जानकीबाईंनी कथा उभ्याउभ्याच वाचली. तिच्यातला नायक सुरुवातीला बुडून मरत होता आणि शेवटी विष घेऊन. मधल्या भागात तो बराच बोलत होता. शर्मिलाताई श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. सकाळपासून जानकीबाई जशा सगळ्यांकडे पाहत होत्या, अगदी तशाच. जानकीबाईंना ते कळले. त्यांनी तोंड उघडले. अंकासाठी निवडलेल्या साहित्याचा गठ्ठा शर्मिलाताईंच्या काखेत होता.

"अंतर्मुख करणारी आहे," जानकीबाई म्हणाल्या.

"खरंच?"

"होय," त्या म्हणाल्या. 'म्हाराजा' तेवढे त्यांनी गिळले.

शर्मिलाताईंचे डोळे भरून आले. "आज पहिल्यांदा खरं मत मिळालं. तुमची कथा मी घेतली."

"शेवट कुठला ठेवणार?"

"शेवट? ती एसटीवाली नाही हो. ती मोरचुदाची द्या."

हे असे होणे योग्य नाही, हे जानकीबाईंना स्वच्छ दिसत होते. पण नुकत्याच दिलेल्या मताची किंमत वसूल होत असताना ते मत परत घेणे अवघड असते. त्यांनी माहितीपत्रक दिले.

दिवाळी अंकात ते पहिल्या पानावर, रेखाचित्रासह आले. चुना हा शब्द काव्यात्म नसल्याने संपादकांनी तो सगळीकडून काढला होता. वाचकांची पत्रे आली. सर्वांना कथा अंतर्मुख करून गेली होती. सदानंदरावांनी ती मात्र खरोखर वाचली, कारण विषय बागेचा होता.

"चुनो खंय गेलो गो?" त्यांनी ओरडून विचारले. "ह्या बघून कोण फवारीत तर बाग करपात!"

जानकीबाईंना मिळालेले ते पहिले परखड मत. त्याबद्दल त्यांनी, कोणी न सांगता, चहा टाकला.

कथेतली बाई अजून थांब्यावर उभी आहे. गाड्या येतात, जातात.

मंडळाने पुढच्या सहवासाचे इतिवृत्त आताच छापून ठेवले आहे, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. उद्या एखादे ओळखीचे माणूस आपली कथा तुमच्या हातात ठेवेल, श्वास रोखून तुमच्या तोंडाकडे पाहील आणि म्हणेल, "खरं सांगा." तुमचे उत्तर त्या इतिवृत्तात आधीच नोंदवलेले आहे. दुरुस्ती असल्यास कळवावी. अद्याप कोणाचीही आलेली नाही.