झिपरूच्या मुसळीला मिळालेला आधार

एका जंगलात वाघाचे दात कमी आणि योजना जास्त झाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, नीट मांडी घालून बसा.

त्या जंगलात झिपरू नावाचं खवल्या मांजर राहायचं. त्याची आई मोठ्या तापातून उठली होती, पण अंगात त्राण म्हणून नव्हतं. चार पावलं चालली की मटकन बसायची.

वैदू घुबड म्हणालं, "सफेद मुसळीची मुळी दे."

पण रानातली मुसळी कधीच ओरबाडून संपली होती. मग झिपरूने वणवण करून चाळीस कोंब मिळवले आणि ऐनाच्या झाडाच्या सावलीत लावले. शेतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. रोज सकाळी तो एकेका रोपाला "बरं आहे ना?" एवढंच विचारायचा. रोपं बरी होती.

ही बातमी वाघाच्या कानावर गेली.

"नवशिका वनशेतकरी? त्याला आधार द्या!" वाघ गरजला.

दुसऱ्याच दिवशी आधार पथक आलं. प्रमुख होते मुळ्यांचे तज्ज्ञ, रानडुक्करसाहेब.

"मुळी धरतेय का, बघावं लागेल," म्हणत त्यांनी दहा रोपं उपटली. चव तपासली. "अजून कोवळी आहे," ते तोंड पुसत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू."

पुढच्या आठवड्यात आणखी दहा बघितली.

मग सावली-सल्लागार वानर आलं. ऐनाच्या फांदीवर उड्या मारत त्याने मार्गदर्शन सुरू केलं. फांदी मोडली. वानर मार्गदर्शनासकट खाली आलं. त्यात सात रोपं गेली.

शेवटी झिपरूचा सत्कार ठरला. पुष्पगुच्छाला दहा रोपं लागली. गुच्छ मात्र झिपरूलाच दिला हं!

उरली तीन. पावसाळा सरला, तशी त्यांचीही पानं पिवळी पडून वाळली. झिपरू रडकुंडीला आला.

"आई, मला नाही गं जमलं."

"वेड्या, पानं वाळली म्हणजे खाली मुळी तयार झाली," आई हळूच म्हणाली. "बोलू नकोस कुणाला."

इतक्यात पथक हजर! झिपरूने मोठ्ठा गळा काढला, "साहेब, गेलं हो सगळं वाळून!"

साहेबांनी वाळलेली रोपं हुंगली. त्यांना काही उमजेना. मुसळीला त्यांनी इतकी मोठी कधी होऊच दिली नव्हती.

"अपयशी लाभार्थी," त्यांनी शेरा मारला. "याचा आधार बंद!"

आणि सगळं पथक शतावरी लावणाऱ्या भेकराला आधार द्यायला निघालं.

झिपरूने जपून मुळ्या काढल्या. थोड्या पुन्हा लावायला ठेवल्या, बाकीच्या वाटून मधातून आईला दिल्या. पंधरवड्यात आई तरतरीत झाली. पहिल्याच दिवशी ती तरातरा चालत भेकराकडे गेली आणि त्याच्या कुंपणावर पाटी ठोकून आली : 'इथे काहीही उगवत नाही.'

तात्पर्य : मुलांनो, नवशिक्याला मदत जरूर करावी. फक्त ती त्याच्यापर्यंत पोचणार नाही, एवढी काळजी घ्यावी.